आधी वारा, मग माल, मग तोफा: बॉम्बे मरीनचा इतिहास स्वतः कसा धुंडाळायचा

शिडाच्या जहाजांच्या काळातली व्यापाराची राखण करणारी आरमारी तुकडी म्हटलं की आपण लगेच लढाया शोधायला लागतो. खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, किती तोफा होत्या, कोण जिंकलं, आणि चार लढायांच्या तारखा हातात आल्या की वाटतं झाला इतिहास. पण ईस्ट इंडिया कंपनीची बॉम्बे मरीन घ्या नायतर दुसरी कुठलीही तुकडी घ्या, तिचे बहुतेक दिवस लढण्यात गेलेच नाहीत. मालाची गलबतं मधे घेऊन सावकाश किनाऱ्याने जायचं, रात्री नांगर टाकायचा, सकाळी मोजायचं की सगळी आहेत ना. ते रोजचं काम समजलं नाही तर लढाई का झाली, तिथेच का झाली आणि त्याच महिन्यात का झाली हे कधीच कळत नाही. म्हणून इथे मी पद्धत सांगतोय, ज्यांना हा इतिहास स्वतः कागदातून काढायचा आहे त्यांच्यासाठी, आणि उदाहरणं सगळी आपल्या कोकण किनाऱ्याची कारण ही तुकडी आपल्याच दारात वावरली आणि आपल्याच आरमाराशी भिडली.

सुरुवातीला एक पानभर कालपट करून घ्या, जास्त नको. १६१२ ला थॉमस बेस्टची कंपनीची जहाजं सुरतेजवळ सुवाळीला आली आणि तिथे पोर्तुगीजांशी लढली, तिथून या तुकडीची सुरुवात धरतात. १६६८ ला इंग्लंडच्या राजाने मुंबई बेट वर्षाला १० पौंड भाड्याने कंपनीला दिलं. १६८६ च्या आसपास कारभार सुरतेहून मुंबईला सरकला आणि बॉम्बे मरीन हे नाव रुळलं, १८३० ला तिचं इंडियन नेव्ही झालं, १८६३ ला ती लढाऊ तुकडी बंद केली. एवढं पुरे. आता हा कालपट बाजूला ठेवा आणि वाऱ्याकडे या.

हंगामाचं कॅलेंडर भिंतीवर लावा

हे काम मी पहिलं सांगतो कारण हे केल्यावर निम्मी कोडी आपोआप सुटतात. बारा महिन्यांचा तक्ता काढा. जून ते सप्टेंबर आडवी रेघ मारा, त्या काळात नैऋत्येचा पावसाळी वारा थेट किनाऱ्यावर आदळतो, कोकणातली बंदरं बंद, गलबतं ओढून शाकारलेली. नारळी पौर्णिमेनंतर छोट्या होड्या बाहेर पडायच्या, मोठा व्यापार ऑक्टोबरपासून पुढे. मग मलबारची मिरी, ती साधारण डिसेंबर ते फेब्रुवारीत तयार होते, म्हणजे मलबार किनाऱ्यावरच्या तलश्शेरी बंदराकडून मुंबईकडे येणारा भरलेला माल त्याच्या नंतरचा. तांबड्या समुद्रात येमेनच्या मोखा बंदराला जाणारी जहाजं पावसाळ्याच्या आधी निघायची आणि पावसाळ्याच्या शेवटच्या वाऱ्यावर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये परतायची, आणि परतताना त्यांच्यात माल विकून आलेलं सोनं-चांदी असायची.

आता हे कॅलेंडर वापरून बघा. गंज-ए-सवाई हे औरंगजेबाचं जहाज मक्केहून यात्रेकरू आणि पैसा घेऊन सुरतेला येत होतं आणि इंग्रज दर्यावर्दी हेन्री एव्हरीने ते लुटलं, कधी तर सप्टेंबर १६९५. ऑगस्ट-सप्टेंबर सोडून दुसरा महिना असूच शकत नव्हता. एव्हरीला तारीख कुणी सांगायची गरज नव्हती, वाऱ्यानेच सांगितली होती. त्या लुटीनंतर बादशहाचा राग सुरतेच्या इंग्रजांवर निघाला, त्यांना कैदेत टाकलं, आणि सुटका हवी तर यात्रेकरूंच्या जहाजांना संरक्षण द्या असं त्यांच्यावर येऊन पडलं. कंपनीने दुसऱ्याच्या जहाजांची राखण करायची ही जबाबदारी अशी दबावाखाली अंगावर आली, हे लक्षात ठेवा, पुढे याच राखणीतून पैसा आणि हक्क निघणार आहेत.

दुसरं उदाहरण अजून चांगलं. कमोडोर विल्यम जेम्स २२ मार्च १७५५ ला मुंबईहून निघाला, एप्रिलच्या सुरुवातीला सुवर्णदुर्ग पडला. कोकणात आरमार बाळगणाऱ्या आंग्रे घराण्यातल्या तुळाजींचं खरं ठाणं विजयदुर्ग, तिथे हल्ला झाला फेब्रुवारी १७५६ ला. मधले दहा महिने काय करत होते? नुसती लढायांची यादी वाचणाऱ्याला हे कोडं पडतं. तक्ता बघा, एप्रिल संपत आला की महिनाभरात समुद्र खवळणार, आणि विजयदुर्गसारख्या किल्ल्यासमोर वेढ्यात असताना दक्षिणेचा वारा सुरू झाला तर जहाजं किनाऱ्यावर फेकली जाणार. म्हणून मुंबईने मोहीम आवरती घेतली. पावसाळा गेला, नोव्हेंबरमध्ये अॅडमिरल वॉटसनची, म्हणजे इंग्लंडच्या राजाच्या आरमाराची जहाजं मुंबईत आली, तयारी झाली, आणि फेब्रुवारीच्या शांत समुद्रात हल्ला. वर्षाच्या तक्त्यातच सगळं दिसतं.

वर्षाच्या वाऱ्यासारखाच दिवसाचा वारा पण नोंदवा. शाळेत शिकलेले खारे वारे आणि मतलई वारे इथे खरे उपयोगी पडतात. रात्री आणि पहाटे जमिनीवरून समुद्राकडे, दुपारी समुद्रावरून जमिनीकडे, आणि या दोन्हींच्या मधे वारा पडतो, सगळं ठप्प. मोठं शिडाचं जहाज त्या वेळी नुसतं तरंगत उभं राहतं, तोंड वळवता येत नाही. आंग्र्यांची गलबतं मात्र ४०-५० वल्ह्यांची, त्यांना वाऱ्याची वाट बघायची गरज नाही. ती खाडीतून बाहेर येऊन गुराबांना, म्हणजे मोठ्या लढाऊ जहाजांना, दोरीने ओढत आणायची, आणि मोठ्या जहाजाच्या पाठीमागून गाठायची, कारण जहाजाच्या तोफा बाजूंना रांगेत असतात, मागे अगदी कमी. गुराबेच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, पुढे मारा करणाऱ्या तोफा असायच्या. त्यामुळे लढाईचं वर्णन वाचताना पहिला प्रश्न हा विचारा की वेळ काय होती आणि वारा होता का. वारा पडलेला असेल तर किती तोफांचं जहाज होतं याला फारसा अर्थ राहत नाही.

अंतर आणि वेग स्वतः मोजा

नकाशा घ्या, साधा चालेल. मुंबई ते विजयदुर्ग सरळ अंतर साधारण १४० सागरी मैल. एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल. एकटं चांगलं जहाज ४ नॉटने गेलं तर ३५ तास. पण ताफा चालतो सगळ्यात मंद गलबताच्या वेगाने, मालाने भरलेली शिबाडं आणि मचवे अशी देशी गलबतं बरोबर असली तर ३ नॉट धरा, म्हणजे ४७ तास, त्यात दोन रात्री तरी आल्या आणि त्या दोन रात्री अगदी आंग्र्यांच्या किल्ल्यांच्या समोरून. कुलाबा (अलिबागचा), सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग ही नावं नकाशावर खुणा करून बघा, प्रत्येकाच्या शेजारी खाडी आहे जिथे आरमार लपू शकतं. बाहेर खोल समुद्रातून जावं तर छोटी गलबतं टिकत नाहीत आणि किनाऱ्याने जावं तर किल्ले. राखणीचं सगळं दुखणं या आकड्यांत आहे आणि हे गणित तुम्ही स्वतः केलं ना की मग तुकडीतल्या कप्तानाचे निर्णय आतून समजायला लागतात.

खोलीचे आकडे कागदात येतात ते बहुतेक वावमध्ये, एक वाव म्हणजे ६ फूट. एखादं जहाज किल्ल्यापासून लांबून तोफा मारून परत गेलं असं दिसलं तर भित्रेपणा ठरवायच्या आधी तिथे पाणी किती होतं ते बघा. सुवर्णदुर्गला जेम्सने हेच केलं होतं, किल्ल्याच्या भोवती खोली मोजून घेतली आणि मग ४४ तोफांचं प्रोटेक्टर हे जहाज जवळ नेलं.

राखणीचा पैसा कुठून आला ते शोधा

हा भाग लोक सोडून देतात आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा हाच. समुद्रावर राखण कुणी फुकट करत नाही. पोर्तुगीज कार्ताझ द्यायचे, म्हणजे परवाना, तो नसेल तर जहाज जप्त. मराठ्यांचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, कान्होजी आंग्रे दस्तक द्यायचे, तोही परवानाच. इंग्रज आपले पास द्यायचे. जंजिऱ्याचा सिद्दी मुघलांचा आरमारप्रमुख म्हणून सुरतेच्या महसुलातून तनखा, म्हणजे ठरलेली रक्कम, घ्यायचा. सगळ्यांचं म्हणणं एकच की या पाण्यात आम्ही राखण करतो म्हणून आम्हाला द्या. कान्होजींचं दस्तक मागणं आणि इंग्रजांचं पास देणं या दोन्हीत कायद्याच्या दृष्टीने फरक करायला जागाच नाही, उलट कान्होजी छत्रपतींचे नेमलेले सरखेल होते आणि हा किनारा त्यांचाच होता. मुंबईच्या कागदात मात्र त्यांना सरसकट चाचे म्हटलंय आणि ते वाचून आपणही तसंच लिहायला लागतो, हे मनाला लागतं. कृपा करून त्या कागदातलं वाक्य तसंच उचलू नका.

इथे भांडण नेमकं कुठे होतं ते बघा. १७१३ मध्ये कान्होजी आणि मुंबईच्या इंग्रजांमध्ये तह झाला, कंपनीच्या जहाजांना हात लावायचा नाही आणि इंग्रजांनी आपलं निशाण फक्त स्वतःच्या जहाजांवर लावायचं असं त्यात होतं. पण मुंबई-सुरतेचे देशी व्यापारी इंग्रजांचा पास घेऊन माल पाठवायचे, कंपनीचे नोकर स्वतःचा खाजगी धंदा करायचे, आणि हे सगळं कंपनीच्या निशाणाखाली. कान्होजींनी असं जहाज धरलं की मुंबई म्हणणार आमचं जहाज लुटलं, कान्होजी म्हणणार हा माल तुमचा नाहीच. म्हणून पकडलेल्या प्रत्येक जहाजाबद्दल चार गोष्टी लिहून ठेवा: जहाज कुणाचं, माल कुणाचा, पास कुणाचा, निशाण कुणाचं. चारही उत्तरं एक असतील असं समजू नका, बऱ्याचदा चार वेगळी निघतात आणि खरी गोष्ट तिथेच सापडते.

गव्हर्नर चार्ल्स बून १७१५ ला आला, त्याने मुंबईला तट बांधला, लढाऊ जहाजं बांधून घेतली, १७१७ ला विजयदुर्गवर आणि १७१८ ला खांदेरीवर हल्ले केले, दोन्ही फसले. १७२१ ला राजाच्या आरमाराचा कमोडोर मॅथ्यूज आणि पोर्तुगीज दोघांना घेऊन इंग्रज कुलाब्यावर गेले, तेही फसलं. ४ जुलै १७२९ ला कान्होजी गेले तेव्हा त्यांचा एकही महत्त्वाचा किल्ला इंग्रजांना मिळालेला नव्हता. एवढा खर्च करून हात रिकामे, म्हणजे मुंबईचं आरमार त्या वर्षांत नुसतं तोट्यात होतं का? इथे परत पैशाकडे बघा, किल्ला पडला नाही तरी ताफ्याबरोबर जाणारी जहाजं पोचत होती, व्यापार वाढत होता, आणि कंपनीच्या हिशेबात हल्ल्यापेक्षा ते जास्त मोलाचं होतं. उलट एकटं सुटलेलं मोठं जहाज सापडलं की नुकसान प्रचंड, डिसेंबर १७३५ मध्ये विलायतेहून आलेलं डर्बी संभाजी आंग्र्यांनी पकडलं, त्यात मुंबईच्या आरमाराला लागणारं सामानही होतं, म्हणजे राखण करणाऱ्यांचीच रसद गेली.

आणि तो तनखा? १७५९ ला इंग्रजांनी सुरतेचा किल्ला घेतला आणि मुघलांच्या आरमाराचं काम व त्याचा तनखा सिद्दीकडून स्वतःकडे वळवला. १६९५ ला जबरदस्तीने अंगावर पडलेली राखण चौसष्ट वर्षांनी हक्काचं उत्पन्न झाली. ही एक रेघ तुम्ही कागदावरून ओढू शकलात तर या तुकडीचा निम्मा इतिहास हाती आला समजा.

तारखांचा घोळ आधीच मिटवा

इथे फार जण चुकतात. इंग्रजी कागदात १७५२ पर्यंत जुनं कॅलेंडर, वर्ष सुरू व्हायचं २५ मार्चला. म्हणजे कागदावर फेब्रुवारी १७१२ लिहिलं असेल तर आपल्या हिशेबाने ते १७१३. तेव्हाच्या तारखा आजच्यापेक्षा मागे पण असतात, अठराव्या शतकात ११ दिवसांनी. पोर्तुगीज मात्र आधीपासून नवीन कॅलेंडर वापरत होते, त्यामुळे एकच लढाई गोव्याच्या कागदात आणि मुंबईच्या कागदात वेगळ्या तारखेला सापडते आणि लोक दोन लढाया मोजतात.

जहाजाच्या लॉगमध्ये, म्हणजे रोजच्या प्रवासाच्या नोंदवहीत, अजून एक पेच आहे. दर्यावर्दी दिवस दुपारी १२ ला सुरू व्हायचा, आपल्या दिवसाच्या बारा तास आधी. लॉगमध्ये १० तारखेची दुपार लिहिली असेल तर जमिनीवर ती ९ तारखेची दुपार. लॉगच्या पानावर दुपार आधी येते आणि सकाळ नंतर, उलटं वाटतं पण तसंच आहे. मुंबईहून पाठवलेल्या पत्रातली तारीख आणि लॉगमधली तारीख एका दिवसाने चुकत असेल तर कुणी खोटं बोलतंय असं समजू नका, आधी हे तपासा.

मराठी कागदात शुहूर सन, ही वेगळी कालगणना आहे. इसवी सन काढायला जून ते डिसेंबर असेल तर त्यात ५९९ मिळवा, जानेवारी ते मे असेल तर ६००, कारण वर्ष मृगाला बदलतं. आकडा अरबी शब्दात असतो, सीत खमसैन मया व अलफ म्हणजे सहा, पन्नास, शंभर, हजार, ११५६. त्यात फेब्रुवारीसाठी ६०० मिळवले की १७५६, म्हणजे विजयदुर्ग पडला ते वर्ष. हे एकदा हाताने करून बघा, मग विसरत नाही. मोडी येत नसेल तर शिका, काही महिन्यांचं काम आहे, आणि पेशवे दफ्तरातले खूप कागद देवनागरीत छापलेले पण मिळतात तोवर त्यावर सुरुवात करा.

जागांच्या नावांची वही वेगळी करा. इंग्रजी कागदात घेरिया म्हणजे विजयदुर्ग, सेवर्नड्रूग म्हणजे सुवर्णदुर्ग, केनरी-हेनरी म्हणजे खांदेरी-उंदेरी, फोर्ट व्हिक्टोरिया म्हणजे बाणकोट, फोर्ट ऑगस्टस म्हणजे १७६५ ला घेतलेला मालवणचा सिंधुदुर्ग, गोम्ब्रून म्हणजे बंदर अब्बास. आणि अँग्रिया असं एकच नाव ते कान्होजी, सेखोजी, संभाजी, मानाजी, तुळाजी सगळ्यांना लावतात, वर्ष बघून कोण ते ठरवा. मानाजी आणि संभाजी तर एकमेकांविरुद्ध होते आणि इंग्रज त्यातल्या मानाजीला मदत करत होते, त्यामुळे अँग्रियाशी लढाई आणि अँग्रियाशी दोस्ती एकाच वर्षात दिसली तर दचकू नका.

कागद कुठले

मुंबईत राज्याच्या पुराभिलेखागारात सुरत आणि मुंबईच्या वखारीच्या रोजनिश्या आहेत, पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तर, पुण्यातच भारत इतिहास संशोधक मंडळ. कंपनीच्या जहाजांचे लॉग लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत. आखाताबद्दलचे कंपनीचे कागद कतार डिजिटल लायब्ररीवर घरबसल्या फुकट वाचता येतात, स्कॅन चांगले आहेत, नवख्याने तिथून सुरू करावं. मराठ्यांची आरमाराकडे बघायची नजर समजायला रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातलं आरमाराचं प्रकरण वाचाच, पाच गुराबा आणि पंधरा गलबतं यांचा एक सुभा करावा, सावकारांची ये-जा चालू राहील असं वागावं, इतकं व्यवहारी लिखाण आहे ते. व्यापाराची राखण हा फक्त इंग्रजांचा विचार होता असं ज्याला वाटतं त्याने ते चार परिच्छेद वाचावे.

लॉग वाचताना तास, वेग, दिशा, वारा हे रकाने सोडून नुसता शेरा वाचायचा मोह होतो. तसं करू नका. रकान्यांत वेग अचानक कमी झालेला दिसतो, म्हणजे ताफ्यातलं एखादं गलबत मागे पडलं आणि सगळे थांबले. शेऱ्यात त्याचा शब्द नसतो. शेरा काहीच नाही असे दिवस मोजा, तेच तुकडीचं खरं काम. आणि रेखांश, म्हणजे पूर्व-पश्चिम जागा, जुन्या लॉगमध्ये शेवटच्या दिसलेल्या जमिनीपासून मोजलेली असते, ती नकाशावर जशीच्या तशी ठेवली तर जहाज डोंगरात जातं, म्हणून अक्षांशावर, म्हणजे उत्तर-दक्षिण आकड्यावर, विसंबा.

एक घटना दोन्ही बाजूंनी लावून बघा

सरावाला ८ एप्रिल १७८३ घ्या. मरीनचं रेंजर नावाचं जहाज, कप्तान लेफ्टनंट प्रुएन, मुंबईहून दक्षिणेला चाललं होतं, विजयदुर्गजवळ पेशव्यांचे आरमारप्रमुख आनंदराव धुळप यांच्या तुकडीने त्याला घेरलं, तुंबळ झालं आणि रेंजर विजयदुर्गला नेलं. आता पद्धत लावा. महिना एप्रिल, हंगाम चालू, ठीक. जहाजावर काय होतं? माल नाही, फौजेचे मोठे अधिकारी, कर्नल मॅक्लिऑड वगैरे, म्हैसूरवरच्या लढाईकडे परत निघालेले. म्हणजे व्यापाराच्या राखणीची तुकडी त्या दिवशी राखणीचं काम करतच नव्हती, माणसं पोचवत होती. मग तह. मराठे आणि इंग्रज यांच्यातला सालबाईचा तह १७ मे १७८२ ला झाला, पण पुण्याची मंजुरी आली फेब्रुवारी १७८३ ला. इंग्रज म्हणाले तह असताना हल्ला केला, धुळपांकडचं म्हणणं की आम्हाला खबर नव्हती. कोण खरं ते लगेच ठरवू नका, पुण्याची खबर विजयदुर्गला किती दिवसांत पोचते ते दुसऱ्या पत्रांवरून काढा, तारीख कधीची आणि पोचल्याची नोंद कधीची, असे दहा-बारा नमुने जमवले की अंदाज बसतो. जखमी कर्नल हंबरस्टन ३० एप्रिलला विजयदुर्गातच वारला. दोन्हीकडच्या मेलेल्यांची नोंद करा, कंपनीच्या कागदात अधिकाऱ्यांची नावं असतात, खलाशांचा फक्त आकडा आणि मराठी कागदात पण सगळी नावं असतील असं नाही.

खलाशांवर वेगळं पान ठेवाच. मरीनचे अधिकारी युरोपियन पण जहाज चालवणारे हात देशी होते, सारंग, तांडेल, खलाशी, त्यात कोकणी मुसलमान, गुजरातेतले खारवे, आणि आंग्र्यांच्या गलबतांवर कोळी, भंडारी. एकाच किनाऱ्याची माणसं दोन्हीकडे. जहाजंही तशीच, लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईला आले, १७५० ला मुंबईची पहिली सुकी गोदी झाली, तिथे सागवानाची जहाजं बांधली जायची आणि विजयदुर्गजवळ गिर्येला मराठ्यांची गोदी होती तिथेही सागवानच. मुंबईत १८१७ ला बांधलेलं ट्रिंकोमाली हे राजाच्या आरमाराचं जहाज इंग्लंडात हार्टलपूलला आजही पाण्यावर आहे, त्याची चित्रं बघा, लाकूड किती टिकतं ते कळतं.

तुकडी आणि राजाचं आरमार एक करू नका

१७५६ च्या विजयदुर्गाच्या हल्ल्यात वॉटसनची राजाची जहाजं होती, कंपनीच्या रॉबर्ट क्लाइव्हची फौज होती, आणि मरीनची जहाजं होती. राजाची जहाजं येतात, लढतात, लूट वाटून घेतात आणि जातात. विजयदुर्गात मिळालेले सुमारे १० लाख रुपये त्यांनी आपसात वाटले, बरोबर आलेल्या पेशव्यांच्या वाट्याला त्यातलं काही आलं नाही. किनाऱ्यावर रोज राबायला मागे राहते ती मरीन. १७९८ ला कंपनीने मरीनची कामं लिहून ठरवली, व्यापाराची राखण, चाचेगिरी मोडणं, फौजेच्या जहाजांना सोबत, आणि समुद्राची मोजणी. अधिकाऱ्यांना खाजगी धंदा बंद केला तोही तेव्हाच, म्हणजे त्याआधीच्या कप्तानांचे अहवाल वाचताना त्यांचा स्वतःचा माल कुठे होता हा प्रश्न मनात ठेवा.

१७५६ बद्दल लिहिताना मला नेहमी वाईट वाटतं आणि ते मी लपवणार नाही. तुळाजींशी भांडण होतं, नानासाहेब पेशव्यांची त्यांच्यावर नाराजी होती, हे सगळं खरं, पण विजयदुर्गात त्या दिवशी जळालं ते मराठ्यांचं आरमार होतं, कान्होजींनी उभं केलेलं, आणि ते जाळायला परक्याला आपणच बोलावलं. धुळपांनी नंतर पुष्कळ सावरलं, रेंजर त्याचाच पुरावा, पण इंग्रजांना किनाऱ्यावर रोखून धरेल अशी ताकद पुन्हा जमली नाही. तुम्ही लिहाल तेव्हा तुमचं मत वेगळं असू शकतं, फक्त मत आणि नोंद वेगवेगळ्या परिच्छेदात ठेवा.

आखातात हीच पद्धत

कोकण शांत झाल्यावर तुकडीचं मुख्य काम इराणच्या आखातात गेलं. १८०९ आणि १८१९ ला रास अल खैमावर मोहिमा, जानेवारी १८२० ला तह, केश्म बेटावर बासिदूला तुकडीचं ठाणं. तिथेही रास अल खैमाच्या कवासिम अरबांना चाचे म्हणणारे कागद भरपूर आणि तिथेही तोच वाद, व्यापार कुणाचा आणि पाणी कुणाचं. कॅलेंडर तिथलं वेगळं काढा, तिथे उन्हाळ्यात मोती काढायचा हंगाम, सगळी माणसं होड्यांवर, म्हणून १८३५ ला समुद्रावरची लढाई थांबवायचा करार झाला तो आधी मोत्याच्या हंगामापुरता होता, आणि तो आधी थोडा थोडा, मग १८४३ ला दहा वर्षांसाठी वाढवत १८५३ ला कायमचा झाला. मोती माहीत नसतील तर तो करार नुसता कागद वाटतो.

तुमचा इतिहास कुठे थांबवायचा ते तुम्ही ठरवा, पण शिडाचा काळ म्हणाल तर मी १८३० ला थांबेन, मुंबईत बांधलेलं ह्यू लिंडसे हे वाफेचं जहाज त्या मार्चमध्ये सुएझकडे निघालं आणि त्यानंतर वाऱ्याचं कॅलेंडर तितकं निर्णायक राहत नाही, तुमची पद्धतही बदलावी लागेल, वाऱ्याऐवजी कोळशाचे साठे मोजावे लागतील.

सुरुवात कशी कराल तर दोन शतकं एकदम घेऊ नका. एक हंगाम निवडा, ऑक्टोबर १७५४ ते मे १७५५ घ्या, सुवर्णदुर्ग त्यात येतो. मोठ्या कागदावर आठ महिन्यांच्या उभ्या रेघा, डावीकडे चार आडवे पट्टे, वारा, माल, पैसा-परवाने, घटना. मिळेल ती नोंद त्या चौकटीत टाका, पेशव्यांची पत्रं निळ्या शाईत, मुंबईची काळ्या. घटनेचा पट्टा सगळ्यात शेवटी भरा. वरचे तीन पट्टे रिकामे असताना घटना भरली असेल तर ती अजून समजलेली नाही असं धरा आणि परत कागदांकडे जा.